पाण्याचा दाखला

मैत्रिणींनो,

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या सुनेला कावीळ झाली. तिला सातवा महिना होता. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा घरातल्या मोठ्यांचा पहिला प्रश्न होता, ‘बाहेर काय खाल्लंस?’ मग पाणीपुरीची चौकशी झाली, ऑफिसच्या कँटीनची झाली, डोहाळे पुरवणाऱ्या मैत्रिणींची झाली. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा ‘हेपॅटायटिस ई’ निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘घरी पाणी कुठलं पिता?’ हा प्रश्न त्या घरात तोवर कुणी विचारलाच नव्हता.

ही कावीळ दूषित पाण्यातून पसरते. एरवी धडधाकट माणूस तीतून सहसा बरा होतो. पण गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत ती झाली तर शंभरातल्या वीस ते पंचवीस बायका दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेत आलेलं सांडपाणी पाणीपुरवठ्यात शिरलं आणि सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली. गर्भवतींचे मृत्यू त्या साथीत डोळ्यांत भरण्याइतके होते. म्हणजे एकाच नळाचं पाणी घरातले सगळे पितात, पण त्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. आमची ही मैत्रीण वाचली. बाळ वेळेआधी आलं, पण आलं. म्हणून हे लिहायला हात धजावतो आहे.

आमची इमारत घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या जरा पुढे. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधून रात्रंदिवस ट्रक. ठाणे शहराला भातसा नदीचं पाणी पिसे इथून उचलून, टेमघरला शुद्ध करून येतं. शिवाय स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही पाणी घेतलं जातं. आमच्या रस्त्यावर इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाणी मागून आलं. २०१७ मध्ये इथल्या पाणीटंचाईचा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नव्या बांधकामांवर न्यायालयाने काही काळ निर्बंधही घातले. ज्यांना हा रस्ता माहीत आहे त्यांना टँकरची वेगळी ओळख करून द्यायला नको. नळ, टँकर आणि बोअर, तिन्हींचं पाणी कित्येक सोसायट्यांत जमिनीखालच्या एकाच टाकीत पडतं. तिथून पंपाने गच्चीवर आणि गच्चीवरून स्वयंपाकघरात. मग माझ्या तांब्यात आलेलं पाणी नेमकं कुठलं, हे कोण सांगणार?

खरं तर कुणाला तरी काहीतरी कळलं होतं. जूनपासून आमच्या मजल्यावरच्या दोघीतिघी म्हणत होत्या, की पहाटे नळ सोडला की पहिल्या पाण्याला वास येतो. एकीने माठाच्या तळाला गाळ दाखवला. एकीच्या घरी दोन मुलांना लागोपाठ जुलाब झाले. हे सगळं जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीजवळ बोललं गेलं. सोसायटीच्या सभेत बोललं गेलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘बायकांना कसला ना कसला वास येतच असतो.’ पाणी दिसायला स्वच्छ आहे, टाकी दरवर्षी धुतो, आणि एवढीच शंका असेल तर ज्याने त्याने घरात मशीन बसवून घ्यावं. विषय संपला. इतिवृत्तात आमच्या तक्रारीची ओळसुद्धा नाही.

या प्रसंगाकडे जरा थांबून बघू या. घरात पाणी कोण भरतं? फडक्याने गाळतं कोण, उकळतं कोण, पाण्याची वेळ सांभाळून झोपेतून उठतं कोण? मूल आजारी पडलं तर रजा कोण टाकतं? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बाई. पण टाकीची किल्ली कुणाकडे, टँकर कुणाकडून घ्यायचा हे कोण ठरवतं, पाण्याचं बिल कुणाच्या नावाने येतं, असं विचारलं की बाई कुठेच नाही. जबाबदारी तिची, अधिकार दुसऱ्याचा. घरकामाच्या बाबतीत आपण गेली कित्येक वर्षं हेच म्हणत आलो. पाण्याच्या बाबतीत त्यात आणखी एक भर आहे. तिला जे कळतं ते ज्ञान समजलं जात नाही. तिच्या नाकाने, जिभेने, हाताने सांगितलेलं कुठल्याही वहीत चढत नाही.

म्हणून आम्ही पाचजणींनी ठरवलं, की हे वहीत चढेल असं काहीतरी करायचं. सरकारी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यायचं.

पहिल्या दिवशी आमची फजितीच झाली. थंड पेयाची रिकामी बाटली विसळून, नळाखाली भरून, पिशवीत टाकून आम्ही निघालो. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंनी ती हातातही घेतली नाही. आधी राग आला. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि राग ओसरला. जंतूंची तपासणी करायची तर बाटली निर्जंतुक हवी, आणि ती प्रयोगशाळेतूनच न्यायची. तिच्यात आधीपासून थोडं रसायन घातलेलं असतं. ते पाण्यातल्या क्लोरीनला तिथेच थांबवतं, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि नळाशी काय होतं ते कळतच नाही. म्हणून ती बाटली चुकूनही विसळायची नाही. आमच्या बाटलीतले जंतू पाण्याचे की पेयाच्या उरलेल्या साखरेचे, हे कुणालाच सांगता आलं नसतं. दाखला हवा असेल तर नमुनाही तसा हवा.

दुसरी अडचण कागदाची. अर्ज कुणाच्या नावाने? सोसायटीच्या लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सहीने आणा, असं खिडकीवर सांगण्यात आलं. अध्यक्षांना तर तपासणीच नको होती. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, नळजोडणी सोसायटीच्या नावावर. मग हे पाणी पिणारी मी कोण? थोडा वाद झाला. शेवटी मी साध्या कागदावर लिहून दिलं, की हे पाणी मी रोज भरते, त्यात स्वयंपाक करते आणि माझी मुलं ते पितात; म्हणून ते पिण्यायोग्य आहे की नाही हे कळण्याचा मला हक्क आहे. खाली पाचजणींच्या सह्या केल्या. अर्ज घेतला गेला. शुल्क इतकं किरकोळ होतं, की त्या दिवशी रिक्षाला त्याहून जास्त पैसे गेले.

त्याच तंत्रज्ञ बाईंनी आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली. एका नमुन्यावरून पाणी वाईट आहे एवढंच कळतं, ते कुठे वाईट झालं ते कळत नाही. म्हणून आम्ही तीन ठिकाणचे नमुने घेतले: बाहेरून येणारं पाणी टाकीत पडायच्या आधी, जमिनीखालच्या टाकीतलं, आणि चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं. जंतूंची वाढ होऊ देऊन ती मोजायची असते, म्हणून अहवालाला काही दिवस लागतात. ते दिवस सगळ्यांनी पाणी उकळून काढले. अहवाल आले. बाहेरून येणारं पाणी पिण्यास योग्य. टाकीतलं आणि नळाचं पिण्यास अयोग्य. म्हणजे दोष पाठवणाऱ्याचा नव्हता, आमच्याच अंगणातला होता. प्लंबर टाकीत उतरला तेव्हा भिंतीला तडा सापडला, आणि त्या भिंतीला लागूनच सांडपाण्याचं चेंबर होतं. पाऊस वाढला की चेंबर तुंबायचं आणि आतलं पाणी टाकीत झिरपायचं. टाकी ‘दरवर्षी’ धुतली जात होती, पण तडा काही धुऊन जात नाही.

दोन महिने आम्ही सांगत होतो, त्याने एक वीटही हलली नव्हती. शिक्का मारलेल्या कागदाने तिसऱ्या दिवशी गवंडी आला. मला आनंद झाला हे खरं, पण अपमानही वाटला. आमचं म्हणणं खरं ठरायला कागद लागला. पण हा कागद आपण मिळवू शकतो हेही त्या दिवशी कळलं, आणि तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? घरात मशीन बसवलं की झालं. मशीन विकणारे दुपारी येतात, घरात बाई एकटी असते तेव्हा. आपल्या नळाच्या पाण्यात विजेच्या दोन कांड्या बुडवतात आणि पाणी तपकिरी होतं. बघा ताई, हेच तुमची मुलं पितात! बाई घाबरते. पण तो तपकिरी रंग बहुतेक त्या लोखंडी कांड्यांतून उतरलेल्या लोखंडाचा असतो. साध्या चांगल्या पाण्यातही क्षार असतात, त्यांतून वीज जाते म्हणून कांड्या झिजतात. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही, म्हणून ते तसंच राहतं. त्यांच्याकडचं दुसरं छोटं यंत्र फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं, जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. आमच्या टाकीतलं घातक पाणी त्या यंत्रावर बहुधा उत्तम ठरलं असतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी चालतं, आणि एवढे क्षारही नसतील तिथे आरओ यंत्रांवर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितलं होतं. ही यंत्रं बरंच पाणी मोरीत सोडून देतात, तेही आमच्यासारख्या टँकरच्या गावात!

मशीनला माझा सरसकट विरोध नाही. ज्या घरात आजारी माणूस आहे त्याने काळजी घ्यावीच. पण भीती विकणं आणि माहिती देणं यांत फरक आहे. आणि प्रत्येकाने आपापल्या ओट्यापुरतं पाणी शुद्ध केलं, की टाकीचा तडा कुणाच्याच डोळ्यांवर येत नाही. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांची ओरड थांबते, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांची ऐकू येत नाही.

हे ऐकू न येणं काय असतं ते मला माझ्याच घरात कळलं. आमच्याकडे कामाला येणारी ताई डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरची. जाताना ती रोज दोन कॅन पाणी भरून नेते, कारण पाड्यावरच्या पाण्याचा भरवसा नाही. टाकी दूषित असल्याचं कळल्यावर आम्ही इमारतीच्या सगळ्या घरांना चिठ्ठ्या वाटल्या: पाणी उकळून प्या. ताईला सांगायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. चार दिवस ती तेच पाणी आपल्या लेकरांसाठी चढण चढून नेत होती. तिने विचारलं, ‘वहिनी, मला का नाही सांगितलं?’ माझ्याजवळ उत्तर नव्हतं. भगिनीभाव या शब्दावर आपण इतकी पानं लिहिली, आणि माझ्या चिठ्ठ्यांच्या यादीत तिचं घर नव्हतं.

मग आम्ही तिच्यासोबत पाड्यावर गेलो. तपासणीसाठी जंतूंची एक सोपी बाटली मिळते, हायड्रोजन सल्फाइडची. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतले मांजा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली. बाटलीत पाणी भरून एकदोन दिवस उबदार जागी ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. अक्षर न येणाऱ्या आजीलाही हा अहवाल वाचता येतो. विहिरीच्या पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशी काळी झाली. आमच्या टाकीला गवंडी तिसऱ्या दिवशी आला होता. पाड्याच्या विहिरीचं काम कुठल्या खात्याचं, हेच अजून ठरायचं आहे. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. पाठपुरावा चालू आहे.

आपल्या समाजात पाण्याची ‘शुद्धता’ फार जुन्या काळापासून ठरवली जाते, फक्त ती ठरवायचे निकष वेगळे होते. कुणाचा हात लागला, कुणाची सावली पडली, कोणती बाई ‘बाहेरची’ आहे. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो दलित महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्यानंतर सवर्णांनी ते तळं ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात शेणगोमूत्राचे घडे ओतले. आजही कित्येक घरांत पाळी आलेली मुलगी माठाला शिवत नाही. प्रयोगशाळेच्या बाटलीला यातलं काहीच कळत नाही. जात कळत नाही, पाळी कळत नाही. तिला कळतं ते एवढंच, की या शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय आहे की नाही. सोवळ्याओवळ्याच्या विरोधात याहून साधा आणि पक्का पुरावा मला तरी ठाऊक नाही. म्हणूनही पाणी तपासणं मला बायकांचं आणि दलितांचं काम वाटतं.

या कामाला वारसाही आहे. मृणालताई गोरे यांना गोरेगावच्या बायकांनी ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिलं ते नळाच्या पाण्यासाठी केलेल्या लढ्यांमुळे. तेव्हाची मागणी होती, पाणी द्या. आजची त्यापुढची आहे: दिलेलं पाणी पिण्याजोगं आहे याचा दाखला द्या. सातासमुद्रापलीकडेही हेच घडलं. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला. चार मुलांची आई असलेल्या लीॲन वॉल्टर्स तक्रार करत राहिल्या आणि त्यांना सांगण्यात आलं, की पाणी ठीक आहे. २०१५ मध्ये त्यांच्या घरचं पाणी तपासलं तेव्हा त्यात शिसं निघालं, १५ च्या मर्यादेऐवजी १०४, आणि पुढच्या तपासणीत ३९७. मग शेकडो घरांतल्या लोकांनी स्वतः नमुने भरले, तेव्हा कुठे सरकार हललं. म्हणजे श्रीमंत देशातही बाईचं म्हणणं खरं ठरायला बाटलीच लागली.

आपल्याकडे सरकारने एक पाऊल टाकलं आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं, आणि २०२१ पासून सरकारी पाणी प्रयोगशाळा सर्वसामान्यांसाठी नाममात्र शुल्कात खुल्या करण्याचं धोरण आलं. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बाईच्या हाती संच येणं चांगलंच. पण दोन प्रश्न विचारायलाच हवेत. या कामाचा मोबदला काय? की पाणी भरण्यासारखंच हेही ‘बाईचं काम’ म्हणून फुकटात जाणार? आणि पाणी वाईट निघालं तर ते दुरुस्त करण्याचा आदेश देण्याचा अधिकार तिला आहे का? नसेल तर आपण तिच्या हाती फक्त काळजी दिली. शिवाय हे झालं गावांचं. घोडबंदर रोडवरच्या इमारती, त्यांच्या मागच्या चाळी आणि पाडे, इथल्या बायकांसाठी अशी योजना कुठे आहे?

ती येईपर्यंत आपण काय करायचं? आमच्या चुकांतून शिकलेलं थोडक्यात सांगते. प्रयोगशाळेला आधी विचारा: नमुना कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत घेतात? जंतूंसाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच आणा. नळाची जाळी, रबरी नळी काढा, तोंड पुसा, दोनतीन मिनिटं पाणी वाहू द्या. हात धुऊन बाटली उघडा, झाकणाला आतून बोट लावू नका, वर थोडी जागा ठेवा. बाटली बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत पोचवा. क्षार, लोह, नायट्रेट, फ्लोराइड अशा रासायनिक तपासणीसाठी एकदोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने दोनतीनदा विसळून भरा. बोअरचं पाणी असेल तर ही तपासणी हवीच. बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहा. एक नमुना टाकीच्या आधीचा, एक टाकीचा, एक नळाचा घ्या. टँकर येत असेल तर त्याचाही. अहवालात दोन गोष्टी आधी बघा: ई-कोलाय अजिबात नसावा, आणि नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. आणि एकदा ‘योग्य’ आलं म्हणजे कायमचं योग्य नव्हे. नळाला चोवीस तास पाणी नसतं तिथे पाणी बंद झाल्यावर रिकामा पाइप फटीतून बाहेरची घाण ओढून घेतो. म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासणी करा.

आणि अर्ज बाईच्या नावाने करा. एकटीने जाऊ नका, पाचजणी मिळून जा. अहवाल फायलीत ठेवू नका, जिन्यात लावा, आणि त्याची प्रत कामाला येणाऱ्या ताईला, वॉचमनच्या बायकोला, शेजारच्या चाळीला द्या. आपल्या मागण्याही साध्या आहेत. प्रत्येक प्रभागात बाटल्या मिळण्याची आणि नमुने देण्याची सोय असावी. अर्जाला लेटरहेडची अट नसावी. टँकरच्या पाण्याचा तपासणी अहवाल टँकरसोबत असावा. आणि वाईट निघालेल्या पाण्याचं पुढे काय केलं, हे ठरलेल्या मुदतीत लेखी कळवलं जावं. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगून ठेवलं आहे. आपण नवं काहीच मागत नाही.

चौथ्या मजल्यावरचं बाळ आता रांगायला लागलं आहे. परवा त्याची आई म्हणाली, ‘मला अजून सगळे सांगतात, तेव्हा बाहेरचं खाल्लंस ना.’ मी तिला अहवालाची एक प्रत नेऊन दिली. तिने ती स्वयंपाकघरात, नळाच्या वर चिकटवली आहे.

तुमच्या घरच्या पाण्याचा अहवाल काय आला, तो मिळवताना काय अडचणी आल्या, आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी चार पानं राखून ठेवली आहेत. आणि पाड्याच्या विहिरीचं काय झालं तेही तुम्हाला सांगायचं आहे.

तुमची,
संपादक